खच्ची केलेला टोणगा दीडपट वाढतो म्हणे!

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आठवडी बाजारातून सहा टोणगे आणले, वाढवून विकायला. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, गोडबोल्या. भाव ठरवायला रुमालाखाली हात घालायच्या आधीच म्हणाला, "दादा, लहानपणीच खच्ची केलेत. म्हशीमागं पळणं नाही, खाल्लेलं सगळं अंगाला लागतं. दीडपट मटण पडतंय बघा." नगामागे तीन हजार जास्तीचे मोजले. जनावरं उंच, लांब पायांची, दावणीला गरीब. मी उंचीवर भाळलो, मांड्या बघितल्याच नाहीत.

काट्याची पावतीही त्यानेच दाखवली, सहांचे मिळून १,२३० किलो. तिसऱ्या दिवशी मी वजन केलं तर १,११०. बाजाराच्या पहाटे मीठ चारलं की जनावर बादल्याच्या बादल्या पाणी ओढतं, पोट टम्म. येताना टेम्पोतून मुताचे लोट वाहत होते, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उपाशीपोटी, सकाळी, आपल्यासमोर वजन झालं तरच ते वजन.

पाण्याचं नुकसान एकदाच झालं. खच्चीचं नऊ महिने चाललं.

लाळ्या-खुरकुताची लस टोचायला आलेल्या डॉक्टरांना दीडपटीची गोष्ट सांगितली, तर ते हसलेच. अंगावर मांस चढवणारा रस वृषणाच्या गोळ्यांतूनच येतो. त्या निकामी केल्या की वाढ मंदावते, तेवढ्याच पेंडीत वजन कमी भरतं आणि मांसाऐवजी चरबी धरते. लहानपणी केलं तर पायांची हाडं जास्त दिवस लांबत राहतात, म्हणून जनावर उंच दिसतं. मी भाळलो ती उंची हीच! त्यात म्हशीच्या जातीचं कातडं जाड, डोकं जड, कापल्यावर जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपासच हाती लागतं. बाहेरदेशी जाणाऱ्या मालाला तर बिनचरबीचंच मांस लागतं. आपल्याकडे बैल बडवायचे, म्हणजे खच्ची करायचे, ते औताला शांत चालावा म्हणून. हेडीने मला तो गरीबपणा किलोच्या भावात विकला.

सहांतला एक मात्र द्वाड. दोनदा कासरा तोडला, शेजाऱ्याच्या वगारीमागं ओढ्यापर्यंत गेला. त्याची पिशवी भरलेली दिसत होती. बाजारात विचारलं तर हेडी म्हणाला, "चिमट्यानं नस चेचून केलंय, पिशवी राहतीच." पिशवी राहते हे खरं, पण आतल्या गोळ्या महिन्या-दोन महिन्यांत सुकतात. डॉक्टरांनी वरची नस चाचपली, चिमटा बसल्याची गाठच नव्हती. म्हणजे याचेही तीन हजार गेले. हेडीला फोन लावला तर बंद.

नऊ महिन्यांनी विकायला काढले. पाच जण २९० ते ३०० किलोच्या मध्ये अडकले. तो द्वाड ३४१ भरला.