सामुदायिक सेवा की परिवीक्षा?

एका ताईंच्या भावानं लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून कुकर उचलला. स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या सुटल्या होत्या. कोर्टात काय मागायचं, असं त्या विचारतायत.

पाच हजारांखालची पहिलीच चोरी, वस्तू परत केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार सामुदायिक सेवा, म्हणजे शिक्षा म्हणून समाजासाठी बिनपगारी काम. लवकर सुटतं. पण गोळ्यांच्या गुंगीत सकाळी डोळे उघडत नसतील, तर कामावर हजर कसा राहणार?

1958 च्या परिवीक्षा कायद्यातली परिवीक्षा, म्हणजे शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडणं, लांबते; बंधपत्र (लेखी हमी) तीन वर्षांपर्यंतचं. जामीनदार लागू शकतो. अट मोडली तर शिक्षा होऊ शकते. मात्र त्याच कायद्याच्या कलम 12 मुळे दोषी ठरल्यानं येणारी अपात्रता लागत नाही, नोकरीसाठी हे मोठंच.

आजार आटोक्यात असेल तर सेवा. गोळ्यांवर लक्ष ठेवणारं घरात कुणी असेल तर परिवीक्षा. चोरीवेळी भानच नव्हतं? मग आधी वकिलांना न्याय संहितेचं कलम 22 विचारा; मनोविकारामुळे कृत्य कळतच नसेल तर तो गुन्हा ठरत नाही, असं ते सांगतं.