लंडन ते पॅरिस: विमान की रेल्वे?

लंडन आणि पॅरिसमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ३४० किलोमीटर आहे. विमानाला सव्वा तास लागतो, युरोस्टार रेल्वेला सुमारे दोन तास वीस मिनिटं. एवढंच पाहिलं तर विमानाचं तिकीट काढून मोकळं व्हावंसं वाटतं. पण खरा हिशोब एका हॉटेलच्या दारापासून दुसऱ्या हॉटेलच्या दारापर्यंतचा करायला हवा.

विमानानं जायचं तर मध्य लंडनहून हीथ्रो विमानतळावर पोचायला पाऊण-एक तास आणि उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी. पॅरिसचं शार्ल द गोल विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटर बाहेर आहे. तिथं पासपोर्टची रांग, सामानाच्या पट्ट्याशी थांबणं, मग आरईआर बी लोकलनं शहरात. पाच-साडेपाच तास सहज जातात.

युरोस्टार सुटते सेंट पँक्रसहून आणि थांबते गार द्यु नोरला. दोन्ही स्टेशनं भर शहरात आहेत. स्टेशनातली तपासणीची दारं गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद होतात, म्हणून सव्वा तास आधी पोचावं. सगळं धरून चारेक तास होतात.

व्हिसाचं मात्र आधी समजून घ्या. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा. रेल्वेनं जाताना फ्रेंच अधिकारी लंडनच्या स्टेशनातच पासपोर्ट तपासतात, त्यामुळे पॅरिसला उतरलात की थेट रस्त्यावर. आईवडील सोबत असतील तर मी डोळे झाकून रेल्वे सांगेन. एकदाच तपासणी, एकदाच रांग, नंतर निवांत बसणं. मोठ्या दोन बॅगा आणि एक लहान पिशवी नेता येते. वजनाची अट नाही, पण बॅगा स्वतःच चढवाव्या लागतात. घरचा डबाही चालतो. फक्त पेढे आणि तूप नेऊ नका: ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे.

ही रेल्वे इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यातून जाते. तिथून जाताना काहीतरी दिसेल अशी मुलांची फार अपेक्षा असते. त्यांना आधीच सांगा, वीसेक मिनिटं खिडकीबाहेर फक्त काळोख असतो. १९९४ साली खुला झालेला हा बोगदा ५० किलोमीटरचा आहे आणि त्यातले जवळपास ३८ समुद्रतळाखाली आहेत. हे त्यांना त्याच काळोखात सांगा, गंमत वाढते.

विमान कोणी घ्यावं? हीथ्रोजवळ मुक्काम असलेल्यांनी, किंवा मुंबईहून लंडनला उतरून बाहेर न पडता लगेच पॅरिसला जाणाऱ्यांनी. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पुढचं विमान चुकल्यास जबाबदारी कंपनीची राहते. भाड्याचं म्हणाल तर रेल्वेचं तिकीट आयत्या वेळी फार महागतं, तेव्हा कधी कधी विमानच स्वस्त पडतं. तारखा ठरल्या की लगेच काढा.

मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. म्हणून लंडनला उतरावं, मध्ये रेल्वेनं पॅरिस गाठावं आणि घरी तिथूनच परतावं. लंडनला परत येण्याचा एक अख्खा दिवस वाचतो.

पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. साडेदहाला निघालेली गाडी तिथल्या वेळेनुसार दोनच्या सुमारास पोचते, तेव्हा दुपारच्या एखाद्या संग्रहालयाची वेळ तीनच्या आधीची घेऊ नका.