छापील कापडाचा साधा ब्लाउज: बारीक बुट्टी घ्यावी की मोठी नक्षी?

सांगलीच्या कापड पेठेत छापील सुती कापडांचे तागे एकामागून एक उलगडले जाऊ लागले की लक्ष आधी रंगांकडे जाते. ज्यांना ब्लाउज स्वतः शिवायचा आहे, त्यांनी मात्र रंगाआधी नक्षीचा आकार पाहावा, कारण कापड किती लागेल, टक्स (ब्लाउजला अंगाचा आकार देणाऱ्या निमुळत्या शिवलेल्या घड्या) कुठे दिसतील आणि शिलाईतली उणीव कितपत झाकली जाईल, हे बरेचसे त्यावरच ठरते.

बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली बुट्टी शिकणाऱ्याला सांभाळून घेते. अशा नक्षीला वरची-खालची बाजू नसेल, तर भाग उलटसुलट मांडता येतात, आणि 44 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) 80 सेंटीमीटर कापडात मध्यम मापाचा, आखूड बाह्यांचा ब्लाउज बसतो. गळ्याच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीपुरते कापडही बहुधा उरते. टक्स किंचित तिरका शिवला गेला, तरी तो फुलापानांत हरवून जातो. तिचा दुसरा फायदा कटोरी ब्लाउजच्या, म्हणजे छातीवर वाटीच्या आकाराचे वेगळे तुकडे जोडलेल्या ब्लाउजच्या, वेळी कळतो. कटोरीचे जोड छातीवरून आडवे-तिरके जातात आणि मोठे चित्र तिथे तुटते, तर बारीक बुट्टीत जोड कुठे आहे हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. भरलेल्या अंगाला चार टक्सच्या साध्या ब्लाउजपेक्षा कटोरीच अधिक नीट बसत असल्याने, त्यांनी बारीक बुट्टीकडे झुकावे, हे बरे.

मोठ्या नक्षीचे गणित वेगळे आहे. मछलीपट्टणमच्या ठशांच्या कलमकारीसारख्या कापडावर मोर, वेली किंवा चेहरे असतील, तर प्रत्येक भाग सुलटाच मांडावा लागतो. त्यामुळे 80 सेंटीमीटरऐवजी पुरते 1 मीटर कापड घ्यावे. हे मोठे चित्र पुढच्या भागावर आणण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि तो टाळलेला चांगला: पुढे मधोमध हुकपट्टी येते, दोन्ही बाजूंना टक्स येतात, आणि डाव्या बाजूवर तर पदरच येतो. चेहऱ्याच्या नाकातून टक्स गेलेला ब्लाउज एकदा पाहिला की हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हुक पुढे असतील, तर पाठ अखंड राहते. म्हणून चित्राचा मध्य पाठीच्या मध्यावर ठेवावा आणि दोन्ही बाह्यांवर नक्षी एकाच उंचीवर येईल असे पाहावे. त्यासाठी कापड दुहेरी घडी घालून न बेतता कागदी नमुना एकेका भागासाठी ठेवून खडूने आखावे, आणि दुसरी बाजू आखताना नमुना उलटा करावा. नाहीतर दोन्ही भाग एकाच बाजूचे कापले जातात. या कामाला निम्मा दिवस जातो, पण इरकलीसारख्या मोजक्या रंगांच्या साडीवर तो ब्लाउज जसा उठून दिसतो, तसा बारीक बुट्टीचा दिसत नाही. उलट बारीक बुट्टीचा ब्लाउज अधिक साड्यांवर चालतो.

कापडाच्या जातीबाबत फार घोळ घालण्याचे कारण नाही. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात पॉलिएस्टरच्या क्रेपपेक्षा सूतच सुसह्य होते, आणि मशीनखाली ते सरकतही नाही. क्रेपवरील डिजिटल छपाईचे रंग झळझळीत असतात, तो चुरगळतही नाही. मात्र त्याच्या कडांचे धागे सुटतात, त्यामुळे कडांना ओव्हरलॉक (कड गुंडाळणारी दाट शिलाई) करून घ्यावे लागते. सुती कापड आणि त्याचे सुती अस्तर, दोन्ही बेतण्याआधी भिजवून वाळवावीत, पण वेगवेगळ्या भांड्यांत, कारण कलमकारीचा लाल किंवा काळा रंग पहिल्या पाण्यात सुटू शकतो. अस्तर न भिजवता लावले, तर पुढच्या धुण्यात ते आटते आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात.

पहिलाच ब्लाउज असेल, तर बारीक बुट्टी आणि चार टक्स हीच जोडी घ्यावी. ज्यांनी अस्तराचे एक-दोन ब्लाउज शिवले आहेत, त्यांनी मोठी नक्षी खुशाल घ्यावी. फक्त गळ्याची पट्टी त्याच कापडाची न काढता नक्षीतल्याच एखाद्या गडद रंगाच्या साध्या कापडाची काढावी, कारण मोठी नक्षी उरेब कापली की पट्टीवर नुसते रंगांचे तुकडे दिसतात आणि गळ्याची रेषा स्वच्छ उमटत नाही.