पाऊल उचलणारे यंत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पक्षाघातानंतर माझा उजवा पाय भार घेऊ लागला, पण चवडा काही उचलेना. उंबरठ्याला अंगठा अडकून दोनदा पडल्यावर, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, गुडघ्याखाली बांधायचे विद्युत उत्तेजनाचे यंत्र घेतले. ते गेले आठ महिने मी रोज वापरतो आहे.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याशी वळसा घालून पेरोनियल नस (पाऊल उचलणाऱ्या स्नायूंना चेतवणारा मज्जातंतू) पुढे येते. एक पॅड तिच्यावर आणि दुसरा नडगीलगतच्या स्नायूवर चिकटवायचा. टाचेखालचा स्विच टाच उचलताच प्रवाह सुरू करतो आणि टाच टेकली की थांबवतो. ही कल्पना लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडली होती. माझ्यासाठी सेकंदाला ३५ झटके (३५ हर्ट्झ), प्रत्येक झटका ३०० मायक्रोसेकंदांचा आणि प्रवाह २६ मिलिअँपिअर असे ठरले. मुंग्या येतात, पण दुखत नाही.

खरी परीक्षा पॅडच्या जागेची आहे. पहिले तीन आठवडे माझे पाऊल वर येण्याऐवजी बाहेरच वळत असे, आणि मी प्रवाह वाढवत राहिलो; ती माझी चूक होती. वरचा पॅड बोटभर नडगीकडे सरकवला आणि घोट्यापुढची स्नायूची कंडरा दोरीसारखी ताठ उभी राहून चवडा सरळ वर आला. त्याच क्षणी पेनाने खूण करून ठेवली.

अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर मात्र पाऊल कमी उचलले जाते. आपली नस स्नायूचे तंतू आळीपाळीने कामाला लावते, तर यंत्र दर वेळी त्याच तंतूंना एकदम चेतवते, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. मी मधे बसून विश्रांती घेतो. आता यंत्र काढल्यावरही काही काळ पाऊल बरे उचलते, याचे मला फार समाधान आहे; तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यंत्र लागतेच.

आपण घरात अनवाणी वावरतो आणि स्विच तर पादत्राणात बसवायचा, ही अडचण विकत घेताना कोणी सांगितली नव्हती. घरात वापरायला मागे पट्टा असलेली वेगळी सँडल ठेवावी लागली. पावसाळ्यात घामाने पॅड सुटतात. पायावरचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, कात्रीने कापावेत. वस्तऱ्याने माझी त्वचा लाल झाली होती. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावूच नये, आणि नसच तुटली असेल तर त्याचा उपयोग होत नाही. आंघोळीला जाताना ते काढावेच लागते, म्हणून न्हाणीघरापर्यंत मी अजूनही काठी घेऊनच जातो.