बालवाडीप्रमुखांसाठीचा प्रशिक्षणवर्ग, लातूर : एक परीक्षण

खासगी बालवाड्यांच्या मुख्याध्यापिका आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका यांच्यासाठी लातूरमधील एका शिक्षणसंस्थेने नेतृत्व आणि कर्मचारी व्यवस्थापन या विषयावर शनिवार-रविवारी भरणारा वर्ग सुरू केला आहे. अहमदपूर, निलंगा, औसा येथून आलेल्या बऱ्याच जणी त्यात होत्या, आणि उदगीरमधील एका बालवाडीची प्रमुख म्हणून मीही तो पूर्ण केला. आपल्याकडे पूर्वप्राथमिकची प्रशिक्षणे होतात ती बहुतेक बडबडगीते, खेळ आणि शैक्षणिक साहित्य यांविषयी असतात. ताईची निवड कशी करावी, तिच्या कामाविषयी तिच्याशी कसे बोलावे, ती दोन वर्षांत सोडून जाऊ नये म्हणून काय करावे, हे प्रमुखाला कोणी शिकवत नाही. म्हणून हा वर्ग महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच त्यातील उणिवाही स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

सर्वांत उपयुक्त सत्र वर्गातील माणसांच्या नियोजनाचे होते. २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षणाविषयीच्या राष्ट्रीय धोरणानुसार तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि आमच्या कागदांवर ते प्रमाण जुळतही होते. प्रशिक्षिकेने मात्र प्रत्येकीला आपल्या बालवाडीची सकाळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत मांडायला लावली आणि प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष वर्गात कोण असते ते लिहायला सांगितले. मावशी एका मुलाला शौचालयात घेऊन गेली, ताई दाराशी आलेल्या पालकांशी बोलते आहे, अशा वेळी उरलेल्या मुलांजवळ कोण, हा प्रश्न त्या तक्त्यातून आपोआप पुढे आला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यानंतर राज्यभर सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी यांवर भर दिला गेला आणि तो योग्यच होता. परंतु कॅमेरा घडून गेलेले दाखवतो; मूल कोणत्याही क्षणी एकाच मोठ्या माणसाच्या हाती एकटे राहू नये, ही व्यवस्था प्रमुखानेच आखावी लागते. हा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मांडलेला मी यापूर्वी ऐकला नव्हता.

निरीक्षणाचे सत्रही मोलाचे होते. आपल्याकडे वर्गावर जाणे म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे शेरेबुकात लाल शाईने काढलेल्या चुका, ही सवय जिल्हा परिषदेच्या शाळांपासून खासगी बालवाड्यांपर्यंत खोलवर रुजलेली आहे. येथे शिकवलेली पद्धत वेगळी आहे. प्रमुखाने वीस मिनिटे मुलांच्या मागे जमिनीवर बसायचे, फक्त दिसले आणि ऐकू आले तेवढेच लिहायचे, आणि ‘चांगले’, ‘कंटाळवाणे’, ‘गोंधळाचे’ यांसारखे शब्द त्या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. ताईने किती मुलांना नावाने हाक मारली, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी ती थांबली का, कोपऱ्यातल्या मुलीशी तेवढ्या वेळात कोणी बोलले का, अशा नोंदी करायच्या. त्यानंतर त्याच दिवशी, मुले घरी गेल्यावर, आधी ताईला स्वतःच्या तासाबद्दल बोलू द्यायचे आणि मग नोंद तिच्यासमोर ठेवायची. माझ्या बालवाडीत ही पद्धत सुरू केल्यापासून ताई स्वतःहून ‘आज माझ्या वर्गात बसा’ असे म्हणू लागल्या आहेत. या सत्रातील चित्रफिती मात्र मोठ्या शहरांतील सधन शाळांच्या, इंग्रजी संभाषणाच्या होत्या. आमच्या खोल्या, आमची पटसंख्या आणि आमची बोली असलेल्या चित्रफिती तयार करणे लातूरच्या संस्थेला कठीण जाऊ नये.

पालकांच्या अपेक्षांविषयीच्या चर्चेला अधिक वेळ द्यायला हवा होता. लातूरमध्ये दहावी-बारावीच्या निकालांची आणि शिकवणी वर्गांची जी हवा आहे, तिचा दाब थेट साडेतीन वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचतो. पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्याचा आग्रह धरतो, अंगणवाडीसाठी २०२४ मध्ये आलेला ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रमही तेच सांगतो. तरीही ‘वहीत काहीच लिहिलेले नाही’ ही तक्रार रोज येते, आणि ती ऐकून घ्यावी लागते ताईला. शेवटी ती मुलाचा हात धरून रेघोट्या गिरवून घेते. अशा वेळी तक्रार स्वतःकडे वळवून घेणे आणि ताईला तिच्या पद्धतीने शिकवू देणे हे प्रमुखाचे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रशिक्षिकेचेही मत तेच होते. पण पालकसभेत नेमके काय आणि कसे बोलावे, याचा सराव झाला नाही.

जागा, भोजन, छापील पुस्तिका यांबाबत तक्रारीला जागा नाही. पुस्तिकेची मराठी सोपी आणि शुद्ध आहे.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. पहिली म्हणजे मावशींचा आणि मदतनीसांचा संपूर्ण विसर. उदगीर-निलंगा पट्ट्यात कन्नड, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, तांड्यांवर गोरमाटी ही बंजारा बोली आणि अनेक घरांत दखनी बोलणारी मुले बालवाडीत येतात, आणि ताईची प्रमाण मराठी न कळलेले रडवेले मूल पहिले काही आठवडे अनेकदा त्याची बोली जाणणाऱ्या मावशीच्याच कडेवर असते. जेवण, शौचालय, झोप, लागले-खुपले हे सारे तीच पाहते. असे असताना कर्मचारी व्यवस्थापनाच्या वर्गात तिचा उल्लेख केवळ स्वच्छतेच्या तक्त्यात यावा, हे मला पटले नाही.

दुसरी उणीव पगाराची. ‘ताई टिकवून ठेवणे’ या सत्रात कौतुकाची पत्रे, वाढदिवस, सहली यांवर भरपूर बोलणे झाले. पण अनेक खासगी बालवाड्यांत ताईंना दहाच महिन्यांचे वेतन मिळते आणि मे महिना कोरडा जातो, यावर एक शब्दही निघाला नाही. जूनमध्ये नवी ताई शोधण्याची वेळ का येते, याचे उत्तर त्या मे महिन्यात आहे. कायद्याचा भागही घाईने उरकला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानास (ग्रॅच्युइटीस) पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकही उपदान कायद्याच्या कक्षेत आले आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तो लागू होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ही माहिती बालवाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला असायलाच हवी.

पर्यवेक्षिकांच्या अडचणींनाही वर्गात पुरेशी जागा मिळाली नाही. बीड जिल्ह्यातून आलेल्या एका पर्यवेक्षिकेने सांगितले की दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबे निघाली की काही अंगणवाड्यांचा पट निम्म्यावर येतो, आणि त्याच सुमारास सेविकांवर मुलांचा शोध घेण्याचे, नोंदी अद्ययावत ठेवण्याचे काम वाढते. वर्षभर पट सारखाच राहील, असे गृहीत धरलेले नियोजनाचे नमुने त्यांच्या काय कामाचे?

या मर्यादा लक्षात घेऊनही प्रमुखांनी हा वर्ग करावा, असेच मी सांगेन. जमल्यास आपल्याकडील सर्वांत अनुभवी ताईलाही सोबत न्यावे आणि तिचे शुल्क संस्थेने भरावे, कारण निरीक्षणाची पद्धत दोघींनी मिळून शिकली तरच ती वर्गात लवकर रुळते. आयोजकांनी पुढील तुकडीत किमान एक रविवार मावशींसाठी राखून ठेवावा, तो दिवस त्यांच्या पगारी कामाचा धरण्याची अट सहभागी बालवाड्यांना घालावी, आणि वेतनाच्या सत्रासाठी एखाद्या कामगार कायद्याच्या जाणकाराला बोलवावे, ही विनंती मी त्यांना लेखी कळवली आहे.