लॅमिंग्टन रोडवरचा आरटीएल ८१५३ लॅन अडॅप्टर: लिनक्सवर नेट का तुटतं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यूएसबी लॅन अडॅप्टर (लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला नेटची वायर जोडणारी डबी) मागितला की काउंटरवर तीन-चार सारख्याच करड्या डब्या येतात, सगळ्यांवर ‘गिगाबिट’ छापलेलं. हे परीक्षण त्यातल्या रिअलटेक आरटीएल ८१५३ चिपच्या, बिनब्रँडच्या अडॅप्टरचं आहे. लिनक्स वापरणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. ‘मधूनच नेट जातं’ म्हणून लोक तो परत करतात, पण बहुतेक वेळा चिप ठणठणीत असते. ऑपरेटिंग सिस्टिम तिला झोपवते आणि नीट उठवत नाही, तिथे घोळ होतो.

घेताना लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच ‘एलएसयूएसबी’ (lsusb, जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) चालवा. ओळख ०बीडीए:८१५३ अशी यायला हवी. शेवटी ८१५२ आलं तर ती १०० एमबीपीएसची यूएसबी २.० चिप आहे, डबी कितीही सारखी दिसो. कनेक्टरमधल्या निळ्या प्लॅस्टिकवर विसंबू नका, आत पिना मोजा: पुढे चार, मागे पाच. मागच्या पाच नसतील तर तो ४८० एमबीपीएसच्या वर जाणारच नाही. ग्रँट रोड स्टेशनवरून परत फिरण्यापेक्षा ही दोन मिनिटं दुकानात घालवलेली बरी.

वेगाबद्दल तक्रार नाही. यूएसबी ३.० पोर्ट आणि गिगाबिट स्विच (नेटच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) असेल तर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा येतो. गिगाबिट इथरनेटवर प्रत्यक्षात तेवढंच मिळतं.

आता तुटण्याबद्दल. ड्रायव्हरला (अडॅप्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) हात लावण्याआधी वायर बघा. मुंबईत केबलवाल्याची वायर गच्चीवरच्या स्विचमधून इमारतीच्या बाहेरून खाली येते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाऊन जॅकचे संपर्क हिरवे पडतात. गिगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच (पिन १, २, ३, ६). म्हणून ‘ईथटूल’मध्ये (लॅनची स्थिती दाखवणारी आणि बदलणारी कमांड, ethtool) कालपर्यंत १००० दिसणारा वेग आज १०० दिसत असेल, तर वायरीच्या टोकाला नवा जॅक बसवून (क्रिम्प करून) घ्या. स्विचच १०० चा असेल तर अर्थातच तो आकडा बरोबर आहे.

वायर ठीक असेल तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग म्हणजे नोंदी वाचा. ‘कॅरियर ऑफ, कॅरियर ऑन’ एवढंच पुन्हा पुन्हा येत असेल तर ईथटूलनेच ईईई ही वीजबचत बंद करून बघा. काही स्विचशी तिचं पटत नाही. उणे ७१ हा स्टेटस म्हणजे यूएसबीवरची प्रोटोकॉल चूक. हब काढा, अडॅप्टर थेट लॅपटॉपला लावा. आणि ‘टीएक्स टाइमआउट’ दिसला तर पाठवायच्या डेटाची रांग ५ सेकंद अडकून राहिली आणि शेवटी ड्रायव्हरनेच उपकरण रीसेट केलं, असा अर्थ घ्या. लिंक चालू दिसते पण एक पॅकेट हलत नाही, ते हेच.

उपाय असा. आधी ‘एलएसयूएसबी’ टी पर्यायासह (lsusb -t) चालवून ड्रायव्हरचं नाव बघा. तिथे आर८१५२ हवं (८१५३ चा ड्रायव्हरही हाच). सीडीसी ईथर किंवा सीडीसी एनसीएम असेल तर सर्वसाधारण ड्रायव्हर बसला आहे. त्यात काम चालतं, पण या चिपसाठी केलेल्या दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा वेळी उपकरणाचं कॉन्फिगरेशन १ वर आणा. मग सिसएफएसमध्ये (/sys, कर्नलच्या सेटिंग्ज फाइल म्हणून दिसतात ती जागा) त्या उपकरणाच्या पॉवर फोल्डरमधली कंट्रोल फाइल उघडा. तिथे ‘ऑटो’ असेल तर साधारणपणे २ सेकंद काम नसलं की कर्नल अडॅप्टरला झोपवू शकतो. ‘ऑन’ लिहा आणि एक दिवस वापरून बघा. टाइमआउट थांबले तर यूडेव्हमध्ये (उपकरण जोडलं की आपोआप सेटिंग लावणारी व्यवस्था) एक ओळीचा नियम घाला: व्हेंडर ०बीडीए, प्रॉडक्ट ८१५३, पॉवर कंट्रोल ऑन. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर हीच ओळख त्याच्या यूएसबी डिनायलिस्टमध्येही (झोपवू नये अशा उपकरणांच्या यादीत) टाका, नाहीतर तो पुन्हा ‘ऑटो’ करून ठेवेल. सगळ्या यूएसबीची झोप एकदम बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मात्र ऐकू नका. कॅमेऱ्यापासून सगळंच जागं राहतं आणि बॅटरी उतरते.

लॅपटॉपवरूनच पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडण्याची पद्धत) डायल करणाऱ्यांना हा दोष जास्त छळतो. अडॅप्टर पोर्टवरून सुटून पुन्हा जोडला गेला की सत्र तुटतं, पण पलीकडच्या सर्व्हरला ते जिवंतच वाटत असतं. एका खात्याला एकच लॉगिन असेल तर जुनं सत्र मरेपर्यंत नवं मिळत नाही, आणि काही सेकंदांचा अडथळा मिनिटांवर जातो. डायलिंग राउटरवर द्या.

उणं म्हणाल तर डबीची वायर आखूड आहे. शेजारच्या पोर्टमध्ये वायरलेस माउसचा रिसीव्हर असेल तर माउस अडखळू शकतो, कारण यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये शिरतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. अडॅप्टरचा मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) हाही नवा असतो. केबलवाल्याने खातं जुन्या मॅकला बांधलं असेल तर आधी त्याला फोन करून मॅक बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी चांगला अडॅप्टर बिघडलेला ठरेल.