कॅम्पसचं पार्किंग परमिट: दोन वर्षं वापरून झाल्यावर

ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे मेसेज मला जूनपासून यायला लागतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो: "ताई, गाडी घ्यावी लागेल का? आणि पार्किंग परमिट आत्ताच काढून ठेवू का?" परवा पुण्याच्या एका मुलीने हेच विचारलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, एका छोट्या विद्यापीठाच्या गावात माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. अशा बहुतेक गावांत पद्धत थोड्याफार फरकाने हीच असते.

परमिट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझा पहिला गैरसमज तिथेच झाला. ३१२ डॉलर भरले म्हणजे वर्षभर आपली एक जागा झाली, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. कॅम्पसवरचे लॉट, म्हणजे गाड्या लावायची मैदानं, वेगवेगळ्या गटांना वाटून दिलेले असतात. इमारतींच्या दाराशी असलेले लॉट प्राध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे, मल्टिलेव्हल पार्किंगचं परमिट वेगळं आणि महाग, आणि कॅम्पसबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्टेडियमच्या पलीकडचं मोठं डांबरी मैदान. परमिटमुळे त्या मैदानात जागा शोधायचा हक्क मिळतो. जागा मिळेलच असं कुणी म्हटलेलं नसतं, आणि परमिटं जागांपेक्षा जास्त विकली जातात. सगळे एकाच वेळी येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. सेमिस्टरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मात्र सगळेच एकाच वेळी येतात.

माझं घर कॅम्पसपासून तीन मैलांवर होतं. गाडीने सात मिनिटं. सव्वानऊनंतर मैदान भरलेलं असायचं, म्हणून दहाच्या क्लाससाठी मी साडेआठला निघायचे. गाडी लावायची, शटलच्या, म्हणजे कॅम्पसवर फिरणाऱ्या बसच्या, थांब्यावर उभं राहायचं, शटलने डिपार्टमेंट गाठायचं. दारापासून दारापर्यंत चाळीस मिनिटं. घरासमोरून सुटणारी सिटी बस तेच अंतर बावीस मिनिटांत कापते, आणि विद्यार्थ्यांना ती आयडी दाखवून मोफत आहे. हे लक्षात यायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं. गाडी असली की आपण बसचं वेळापत्रक उघडूनसुद्धा बघत नाही.

दंडाबद्दल सविस्तर लिहायला हवं. आता काचेवर चिकटवायचं स्टिकर नसतं. परमिट तुमच्या नंबरप्लेटला जोडलेलं असतं, आणि कॅमेरा लावलेली एक गाडी लॉटमधून फिरत प्लेटा वाचत जाते. आमच्या राज्यात नंबरप्लेट फक्त मागे असते. सांगलीला बाबांनी वॅगन आरवर मला शिकवलं होतं की गाडी नेहमी रिव्हर्स लावायची, म्हणजे निघताना समोरचं सगळं दिसतं. मी तशीच लावली. मागची प्लेट कुंपणाकडे गेली, कॅमेऱ्याला दिसली नाही, आणि संध्याकाळी वायपरखाली ४५ डॉलरचा दंड. परमिट चालू असताना! चौदा दिवसांत अपील करता येतं, म्हणून फोटो जोडून केलं. ते एका ओळीत फेटाळलं गेलं, कारण नियम परमिटच्या ईमेलमध्ये खरंच लिहिलेला होता. चूक माझीच होती. पण जगातल्या निम्म्या देशांतून आलेले विद्यार्थी ज्या लॉटमध्ये गाड्या लावतात, तिथे हा नियम मोठ्या अक्षरांत फलकावर लिहायला हवा, असं मला आजही वाटतं. दंड थकवू मात्र नका. विद्यापीठ रजिस्ट्रेशनवर होल्ड लावतं आणि पुढच्या सेमिस्टरचे क्लास घेता येत नाहीत.

गाडी आम्ही दोघींनी मिळून घेतली होती, मी आणि माझी रूममेट. ती मास्टर्स करायची आणि डायनिंग हॉलमध्ये तासाला १२ डॉलरवर काम करायची. एफ-१ या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. ४५ डॉलर म्हणजे तिच्या जवळपास चार तासांची उभ्याने केलेली भांडी. दंडाचा कागद टेबलावर ठेवला तेव्हा ती काही बोलली नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसरा प्रसंग फुटबॉलचा. शनिवारी घरच्या मैदानावर सामना असला की स्टेडियमजवळचे लॉट सकाळी रिकामे करावे लागतात, कारण ते सामन्याला येणाऱ्यांना त्या दिवसापुरते विकलेले असतात. आपलं वर्षाचं परमिट त्या दिवशी चालत नाही. शुक्रवारी रात्री प्रयोग लांबला, बाहेर बर्फाळ पाऊस होता, मैत्रिणीने तिच्या गाडीतून घरी सोडलं आणि आमची गाडी तिथेच राहिली. सकाळी अकराला गेले तर आमच्या कोरोलाच्या जागी तंबू, शेगड्या आणि टीमच्या जर्सी घातलेली माणसं. दंड ६० आणि टोइंगचे, म्हणजे गाडी ओढून नेल्याचे, १६५. सूचना दोन दिवस आधी ईमेलने आली होती, हे खरं आहे. पण ३१२ डॉलर भरून घेतलेली सेवा वर्षातल्या सहा-सात शनिवारी बंद असते, हे विकत घेताना ठळकपणे सांगायला हवं.

चांगलं जे आहे तेही तितकंच मनापासून लिहिते. जानेवारीत उणे बावीस तापमानात रात्री सव्वाअकराला बॅटरी बसली. मी पार्किंग ऑफिसच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि वीस मिनिटांत एक काका व्हॅन घेऊन आले. जंप स्टार्ट दिला, टायरमध्ये हवा भरली, इंजिन गरम होईपर्यंत मला त्यांच्या व्हॅनमध्ये बसायला सांगितलं. परमिट असणाऱ्यांना ही मदत फुकट आहे. बर्फ पडल्यावर लॉट पहाटेच साफ केलेले असतात. पार्किंग ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईंनी मला एक गोष्ट आपणहून सांगितली, जी कुठल्याही माहितीपत्रकात माझ्या नजरेस पडली नव्हती: संध्याकाळी पाचनंतर कर्मचाऱ्यांचे बहुतेक लॉट सगळ्यांना खुले असतात. परमिट लागतच नाही. त्यानंतर मी सकाळी बसने जायला लागले. सहाला बसनेच घरी येऊन जेवायचे आणि रात्रीच्या कामाला गाडी काढून थेट लॅबच्या दाराशी लावायचे. ज्यांचं काम रात्रीचं आहे त्यांनी परमिटवर पैसे घालण्याआधी हा नियम आपल्या कॅम्पसवर आहे का ते विचारावं.

मग गाडी घेतलीच का? कारण शेवटची बस ९:४० ची होती आणि रविवारी बस नव्हतीच. ग्रोसरीचं दुकान चार मैलांवर, हायवेच्या कडेला, आणि शेवटचा एक मैल फुटपाथच नाही. गाडी घेण्याआधी मी दुधाचा गॅलन आणि तांदळाची पिशवी घेऊन त्या कडेने चालले आहे, शेजारून ट्रक जात असताना. गाडी नसली की आपण गाडीवाल्यांवर अवलंबून होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शनिवारी कुणीतरी लिहितं, "कुणी वॉलमार्टला चाललंय का? राईड मिळेल का?" लोक प्रेमाने नेतातही. पण तिसऱ्यांदा विचारताना जीभ अडखळते. खरं म्हणजे डाळ संपलेली असते, पण आपण "अजून आठवडाभर चालेल" असं स्वतःला समजावतो. शेजारी एक वहिनी होत्या, नवऱ्याचं पीएचडी चालू, त्या एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, एकच गाडी आणि ती दादांकडे. नोव्हेंबर ते मार्च त्या बाळाला घेऊन त्या दोन खोल्यांत असायच्या. बाहेर चारी बाजूंनी पार्किंग होतं आणि जायला वाट नव्हती. पार्किंगचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी त्यांची खिडकी आठवते.

हे सगळीकडे असंच असतं असं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षीच्या स्प्रिंग ब्रेकबद्दल, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीबद्दल, सांगते. मैत्रिणीकडे कॅलिफोर्नियात डेव्हिस या विद्यापीठाच्या गावी गेले होते. तिथली युनिट्रान्स ही बससेवा विद्यार्थ्यांनी १९६८ साली लंडनहून आणलेल्या दोन डबल डेकर बसवर सुरू केली, आणि आजही ती विद्यार्थी संघटनेच्या हाताखाली चालते. बस चालवणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान होती, मिडटर्मबद्दल बोलत होती आणि वळणं सफाईने घेत होती. याच गावात १९६७ मध्ये देशातल्या पहिल्या सायकल लेन आखल्या गेल्या. कॅम्पसवर चौकांत सायकलींसाठी वेगळी वाहतुकीची वर्तुळं आहेत, क्लास सुटल्यावर तिथे सायकलींची गर्दी होते. मैत्रिणीकडे गाडी नव्हती आणि आठवडाभरात तिला एकदाही कुणाला राईड मागावी लागली नाही. उत्तर कॅरोलिनात चॅपल हिलला तर शहराची बस २००२ पासून सगळ्यांनाच मोफत आहे. तिचा खर्च तिथलं शहर, शेजारचं कारबोरो आणि विद्यापीठ मिळून उचलतात.

गाडीशिवाय आपलं इतकं का अडतं, हा माझ्या मनातला गुंता सुटला तो डोनाल्ड शूप यांच्यामुळे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले हे प्राध्यापक २०२५ मध्ये गेले. आयुष्यभर त्यांनी पार्किंगचं अर्थशास्त्र अभ्यासलं आणि स्वतः सायकलने कॅम्पसला जात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की फुकट पार्किंग फुकट नसतं. त्याचा खर्च भाड्यात आणि वस्तूंच्या किमतींत मिसळलेला असतो आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरतो. मी माझं लीज, म्हणजे घराचा भाडेकरार, काढून पाहिलं. त्यात "पार्किंग मोफत" असं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत इमारत बांधताना घरांच्या किंवा बेडरूमच्या हिशेबाने किमान इतकं पार्किंग ठेवायलाच हवं असा नियम आहे. एक जागा साधारण नऊ फूट बाय अठरा फूट, आणि गाडी फिरवायची वाट धरली तर ३०० चौरस फुटांच्या वर. माझी खोली दहा बाय अकरा होती. म्हणजे गाडी घेण्याआधीही मी माझ्या खोलीच्या दुपटीहून मोठ्या रिकाम्या डांबराचं भाडं भरत होते, आणि त्याच डांबरामुळे दुकान चालत जाण्याच्या पलीकडे गेलं होतं. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहराने २०२२ मध्ये हा किमान पार्किंगचा नियमच काढून टाकला. माझ्या गावानेही तो काढावा, म्हणून मी सिटी काउन्सिलला पत्र लिहिलं आहे.

आता पैसे. दोन वर्षांत गाडीवर गेले ते असे: ५,२०० ला घेतली आणि ३,९०० ला विकली, म्हणजे १,३०० गेले. विमा महिन्याला १३४ प्रमाणे ३,२१६, परमिटचे ६२४, दंड आणि टोइंग २७०, दुरुस्ती आणि टायर १,४८०, पेट्रोल साधारण १,९००. एकूण ८,७९०. अर्धा वाटा ४,३९५, म्हणजे मला महिन्याला १८३ डॉलर पडले. तेही खर्च वाटून घ्यायला रूममेट होती म्हणून. तिसऱ्या वर्षी मी कॅम्पसपासून बारा मिनिटांच्या पायवाटेवर खोली घेतली, भाडं १५० ने जास्त. रात्री अकराला लॅबमधून निघते आणि चालत घरी येते, रस्त्यावर दिवे आहेत. महिन्यातून एकदा तिघी-चौघी मिळून कॅम्पसवरची झिपकार, म्हणजे तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळणारी गाडी, घेतो. तिच्या भाड्यात पेट्रोल आणि विमा दोन्ही येतात. इंडियन स्टोअर आणि बाकीची सगळी खरेदी एका दुपारी उरकते.

पार्किंग सेवेला माझे पाचपैकी दोन स्टार, आणि त्या दोनांतला एक त्या व्हॅनवाल्या काकांचा. सिटी बसला साडेतीन. रविवारी धावली असती तर साडेचार दिले असते. ज्यांना लहान मूल आहे, ज्यांच्या पायांना त्रास आहे, ज्यांचं काम कॅम्पसबाहेरच्या शेतावर किंवा दवाखान्यात आहे, त्यांनी परमिट जरूर घ्यावं, आणि विक्री सुरू होते त्या दिवशी सकाळीच घ्यावं. जवळचे लॉट दुपारपर्यंत संपतात.

पुण्याच्या त्या मुलीने मला दोन अपार्टमेंटचे पत्ते पाठवलेत. एक १४० डॉलरने स्वस्त आहे, वर "पार्किंग मोफत". त्या थांब्याचं वेळापत्रक मी उघडून पाहिलं. शेवटची बस ९:१० ला आहे आणि रविवारचा रकाना कोरा आहे. लीजवर तिची सही अजून व्हायची आहे, आज रात्री तिच्याशी फोनवर बोलणार आहे.